'साइट ओरिजिनल आहे,' असं मी म्हणालो होतो

२०१८ च्या रमजानमधली गोष्ट. मी पुण्याहून सोलापूरला घरी गेलो होतो. इफ्तार आटोपल्यावर खालू माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. "बेटा, तू कंप्युटरवाला है. जरा देख के बोल, ये सही है क्या?"

स्क्रीनवर एक यूट्यूब चॅनेल होतं. कोट घातलेला तरुण, मागे शेअर बाजाराचे हलते आकडे, खाली बातम्यांसारखी पळणारी पट्टी. सोन्याच्या व्यापारात भागीदारी, व्याज नाही, नफ्यात वाटा, महिन्याला तीन टक्के. बोलण्यात 'हलाल', 'मुदारबा', 'बरकत', 'अमानत' हे शब्द पेरलेले. चॅनेलचा व्हॉट्सॲप ग्रुपही होता आणि त्यात रोज 'अर्थवार्ता' यायच्या: अमुक बँक बुडणार, नोटा पुन्हा बंद होणार, सोनं वर जाणार.

मी खरंच तपासलं. वेबसाइट उघडली. पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह होतं. ॲप अधिकृत स्टोअरवर होतं, खाली हजारो लोकांचे चांगले अभिप्राय होते. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नावही सापडलं. दहा मिनिटांत माझी तपासणी संपली आणि मी म्हणालो, "साइट ओरिजिनल आहे."

खालूंनी सव्वीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढली होती. प्रॉव्हिडंट फंडाचे चार लाख रुपये त्यांनी माझ्या त्या तीन शब्दांवर गुंतवले. ते पैसे माझ्या खालाजाद बहिणीच्या लग्नासाठी होते.

सात महिने बारा-बारा हजार रुपये आले. त्यानंतर ॲपवर 'सर्व्हर मेंटेनन्स' अशी पाटी लागली. खालूंनी फोन केला, तेव्हा सर्व्हर मेंटेनन्स म्हणजे काय ते मीच त्यांना समजावून सांगितलं. तीन आठवडे कुठलाही सर्व्हर मेंटेनन्समध्ये नसतो, हे मला माहीत असायला हवं होतं. माझं पोट याच धंद्यावर चालतं. पण मीच 'ओरिजिनल' म्हटलं होतं, म्हणून मलाही ते खरं वाटायला हवं होतं.

चार लाखांतले चौऱ्याऐंशी हजार परत आले, बाकीचे गेले. खालूंनी मला एकदाच विचारलं, "तू तो देखा था ना?" त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. खाला तर अजूनही ईदला माझ्यासाठी वेगळा शीरखुर्मा काढून ठेवते. त्याचंच मला जास्त ओझं वाटतं.

मी काय तपासलं आणि काय नाही

माझी चूक काय झाली, हे समजायला मला बरेच दिवस लागले. मी आळशीपणा केला नव्हता. मी चुकीची गोष्ट तपासली होती.

कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं, की तुमचा फोन आणि ती वेबसाइट यांच्यातला संवाद मध्ये कोणी वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की भामटा, हे ते सांगत नाही. चोराच्या घरालाही मजबूत कुलूप असतं. ॲप स्टोअरवर असणं म्हणजे ॲप चालतं एवढंच. अभिप्राय विकत मिळतात. आणि कंपनी कायद्याखाली नोंदणी म्हणजे लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी नव्हे. पानटपरीसाठीही कंपनी काढता येते. जीएसटी क्रमांक, आयएसओ प्रमाणपत्र, पॅन कार्ड यांचंही तेच. हे सगळे कागद खरे असू शकतात आणि तरीही धंदा खोटा असू शकतो.

एका प्रश्नाचं उत्तर मी शोधलं नाही: हे लोक महिन्याला तीन टक्के कुठून देणार? महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस. नफा त्यातच गुंतवत गेलं तर बेचाळीसच्या वर. तेव्हा बँकेच्या मुदत ठेवीवर साडेसहा-सात टक्के मिळत होते. जो व्यापारी सोन्यात वर्षाला छत्तीस टक्के वाटून वर स्वतःसाठीही कमावतो, त्याला खालूंच्या चार लाखांची गरज काय? हा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमतो. मी इंजिनिअर होतो, म्हणून तो केला नाही. माझं सगळं लक्ष वेबसाइटवर होतं.

पहिल्या सात महिन्यांत खालूंना मिळालेला 'नफा' बहुधा त्यांचाच पैसा होता, किंवा त्यांच्यानंतर आलेल्या दुसऱ्या कुणा खालूंचा.

मग काय, फक्त पेपरवरच विश्वास ठेवायचा?

हा किस्सा सांगितला की वडीलधारे म्हणतात, "म्हणूनच सांगतो, यूट्यूब-व्हॉट्सॲपवरचं काही खरं मानू नका." मला हे पटत नाही. त्याच योजनेच्या पानभर जाहिराती वर्तमानपत्रांत छापून आल्या होत्या. खालूंनी ते कात्रण जपून ठेवलं होतं. पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटलं. बातमी आणि जाहिरात यांतला फरक त्यांना कुणी शिकवलाच नव्हता.

सत्यमचं उदाहरण घ्या. सत्यम कॉम्प्युटर्सला २००८ मध्ये उत्तम कारभारासाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. हिशेब जगातल्या नामवंत लेखापरीक्षण संस्थेच्या शिक्क्याचे होते. त्याच डिसेंबरमध्ये कंपनीच्या एका स्वतंत्र संचालकाला निनावी ई-मेल आला. हिशेबात मोठी गडबड असल्याचा आरोप त्यात होता. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी स्वतःच पत्र लिहून घोटाळा कबूल केला. ताळेबंद सुमारे सात हजार कोटींनी फुगवलेला निघाला. पुरस्कार, शिक्का आणि निनावी ई-मेल यांपैकी खरं बोलत होता तो ई-मेल.

अमेरिकेत हॅरी मार्कोपोलोस नावाच्या विश्लेषकाने बर्नार्ड मॅडॉफचा फंड खोटा असल्याचं टिपण २००५ मध्ये तिथल्या बाजार नियामकाला दिलं होतं. मॅडॉफला अटक झाली डिसेंबर २००८ मध्ये. म्हणजे तीन वर्षं नियामकापेक्षा बाहेरचा माणूस बरोबर होता.

आता आपल्या मुंबईतला एक आठवडा आठवा. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढता येतील, असा तो पहिला आदेश होता. दुसऱ्या दिवशी ही बातमी मोबाइलवर फिरू लागली, तेव्हा पुष्कळांना ती अफवा वाटली. ती खरी होती. त्याच आठवड्यात आणखी एक मेसेज फिरला, की रिझर्व्ह बँक नऊ बँका कायमच्या बंद करणार. तो खोटा होता आणि रिझर्व्ह बँकेला तसा जाहीर खुलासा करावा लागला.

दोन्ही मेसेज एकाच ग्रुपवर, एकाच काकांकडून, त्याच लाल उद्गारचिन्हांसह आले. एक खरा, एक खोटा. मेसेज कुठून आला यावरून त्यांतला फरक कळणं शक्यच नव्हतं. फरक एवढाच होता, की पहिल्यामागे रिझर्व्ह बँकेचा आदेश होता आणि तो कुणालाही तिच्या संकेतस्थळावर वाचता येत होता. दुसऱ्यामागे असा कागद नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं, की 'माध्यम नवं की जुनं' हा प्रश्नच चुकीचा आहे. दावा कोणता, त्याचा मूळ कागद कुठे आणि तो खरा मानला तर फायदा कोणाचा, हे खरे प्रश्न आहेत.

आपण याला लवकर का बळी पडतो

इथे आपल्याबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे.

आपल्यातल्या पुष्कळ घरांना व्याज नको असतं. बँकेतल्या बचत खात्यावरचं व्याज वेगळं काढून गरजूंना देणारे लोक माझ्या घरात आहेत. दुसरीकडे, बँकांनाही आपण फारसे नको असतो. काही बँका ठरावीक वस्त्यांना 'निगेटिव्ह झोन' मानून तिथे सहजासहजी कर्ज देत नाहीत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं आहे. व्याजमुक्त बँकिंगचा विचार व्हावा, असं रघुराम राजन समितीने २००८ मध्ये सुचवलं होतं. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं.

म्हणजे मागणी खरी आहे आणि रस्ता बंद आहे. बंद रस्त्याच्या तोंडाशी कोणी ना कोणी हातगाडी लावतंच. बंगळुरूच्या आय मॉनेटरी ॲडव्हायझरी, म्हणजे आयएमए या कंपनीचं प्रकरण आठवा. 'हलाल गुंतवणूक' म्हणून तिथे हजारो मुस्लिम कुटुंबांनी पैसे ठेवले. जून २०१९ मध्ये संस्थापक एक ऑडिओ क्लिप मागे ठेवून दुबईला गेला आणि जुलैमध्ये दिल्ली विमानतळावर पकडला गेला. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार गोळा झालेली रक्कम चार हजार कोटींच्या घरात होती. काही धार्मिक मंडळींनी या योजनेची भलामण केल्याचे आरोपही तेव्हा झाले.

अशा योजनांचं खरं भांडवल सोनं नसतं, भाषा असते. एखादा माणूस आपल्या भाषेत, आपल्या सलामने बोलायला सुरुवात करतो, तेव्हा आपण अर्धी पडताळणी तिथेच सोडून देतो. त्यात आणखी एक फास असतो. कोणी शंका काढली की उत्तर येतं, "मुसलमान पुढे चाललाय, हे बघवत नाही लोकांना." खालूंच्या ग्रुपवर एका शिक्षकाने कंपनीचा ताळेबंद मागितला होता. त्याला 'कौमचा दुश्मन' म्हणून ग्रुपमधून काढलं. ते खालूंनी मला त्याच रमजानमध्ये हसत हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

आज मला वाटतं, त्या ग्रुपवर विश्वास ठेवण्यासारखा एकच माणूस होता, आणि तो बाहेर काढला गेला होता.

कोट घातलेले नवे सावकार

हे फक्त हलालच्या नावाने होतं, असं मुळीच नाही. माझ्या ऑफिसात, उत्तम पगार घेणारी, रोज आकड्यांत खेळणारी मुलं टेलिग्रामवरच्या 'टिप'वर ऑप्शन्स खेळतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपला अभ्यास जाहीर केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात होते. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त.

मग शिकवणारे तरी कमावतात का? ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने 'बाप ऑफ चार्ट' या नावाने चालणाऱ्या प्रसिद्ध चॅनेलवर कारवाई केली. सेबीच्या अंतरिम आदेशानुसार शिकवणीच्या नावाखाली नोंदणीशिवाय सल्ला देऊन १७ कोटींहून अधिक रक्कम गोळा झाली होती. चॅनेल चालवणाऱ्याचा स्वतःच्या ट्रेडिंगमधला हिशेब मात्र जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात सुमारे तीन कोटींच्या तोट्याचा होता. त्याची कमाई बाजारातून येत नव्हती, बाजारात कमाई होते असं सांगण्यातून येत होती. मुंबईतल्या एका मुस्लिम तरुणाचं हे यश म्हणून आपल्यातल्या अनेकांना त्याचा अभिमान होता, हेही लिहायला हवं.

दुसरा प्रकार साधना ब्रॉडकास्टचा. २०२२ च्या जुलैमध्ये दोन यूट्यूब चॅनेलवर या छोट्या कंपनीबद्दल 'बातम्या' झळकल्या. अदानी समूह ती विकत घेणार, एका बड्या अमेरिकी कंपनीने चार धार्मिक चित्रपटांसाठी ११०० कोटींचा करार केला, वगैरे. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहावेत म्हणून जाहिरातीवर पैसे खर्च केले गेले. सेबीच्या मार्च २०२३ च्या आदेशानुसार कंपनीच्या छोट्या भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली. लोक घेत असताना आतल्या मंडळींनी चढ्या भावात आपले शेअर विकले. ३१ जणांना बाजारबंदी झाली, पण त्या पंचावन्न हजारांचं काय?

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अदानींनी कंपनी घेतली असती तर ती माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीला जाहीर करावी लागली असती. ती तिथे आहे का, हे पाहायला दोन मिनिटं आणि शून्य रुपये लागतात.

सनद विचारा

मी मदरशात शिकलेलो नाही, पण हदीसच्या परंपरेतली एक गोष्ट लहानपणी अब्बूंकडून ऐकली होती. नुसता मजकूर चांगला आहे म्हणून हदीस मान्य होत नाही. ती कोणी कोणाकडून ऐकली, ती साखळी, म्हणजे सनद, तपासली जाते. मधला प्रत्येक माणूस कसा होता, स्मरण कसं होतं, कधी खोटं बोलला होता का, कोणाचा मिंधा होता का, हे पाहिलं जातं. त्यावर विद्वानांनी आयुष्यं घालवली. कुरआनातली सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. ज्यांची ही परंपरा, त्यांनी चार लाख रुपये फॉरवर्ड होत आलेल्या मेसेजवर द्यावेत, याला काय म्हणायचं?

आता कोणी मला काही पाठवलं की मी चार गोष्टी पाहतो.

पहिली, मूळ कागद. बातमी रिझर्व्ह बँकेची असेल तर तिचा आदेश, कंपनीची असेल तर शेअर बाजाराला दिलेली माहिती, न्यायालयाची असेल तर निकाल. बोलणारा माणूस त्या कागदापर्यंत मला नेतो का? चांगला यूट्यूबर नेतो, तो पान नंबरही सांगतो. वाईट वर्तमानपत्र 'सूत्रांनुसार' म्हणून थांबतं.

दुसरी, फायदा कोणाचा. हितसंबंध असलेला माणूस खोटाच बोलतो असं नाही, पण त्याने तो सांगितला पाहिजे. हिंडेनबर्ग रिसर्चने जानेवारी २०२३ मध्ये अदानी समूहावर अहवाल काढला, तेव्हा भाव पडला तर आपला फायदा आहे, हे त्यांनी त्यातच लिहिलं होतं. समूहाने आरोप फेटाळले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने त्यातल्या काही आरोपांत नियमभंग सिद्ध होत नसल्याचा आदेश दिला. अहवाल डोक्यावर घेणारे आणि तो न वाचताच फेकून देणारे, दोघांनीही एकच चूक केली. हितसंबंध उघड असलेला स्रोत वाचायचा तो साशंकपणे, एकेक दावा सुटा करून. हितसंबंध लपवणारा स्रोत मात्र वाचायचाच नाही.

तिसरी, जुना हिशेब. हा माणूस दोन वर्षांपूर्वी काय म्हणत होता? चुकल्यावर त्याने 'मी चुकलो' म्हटलं, की व्हिडिओ काढून टाकला? रोज दहा भाकितं केली की एखादं बरोबर येतंच, आणि पुढे वर्षभर तेच दाखवलं जातं. माझ्या कामात सॉफ्टवेअर कोसळलं की काय चुकलं ते लिहून ठेवावं लागतं. ज्या टीमच्या नोंदीत कधीच चूक दिसत नाही, ती टीम चुका लपवत असते, एवढं मी नोकरीत शिकलो आहे.

चौथी, जाब कोणाला विचारायचा. सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने आणि संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने सुरू होतो. तो क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर टाकून नाव जुळतं का ते पाहायचं, कारण दुसऱ्याचा क्रमांक चोरून छापणारेही आहेत. ठेवी गोळा करणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' या संकेतस्थळावर पाहता येतं आणि तक्रारही करता येते. नोंदणी म्हणजे हमी नव्हे. पीएमसी बँक नोंदणीकृतच होती आणि तिच्या आत २१ हजारांहून अधिक बनावट खाती निघाली. पण तिथे जाब विचारायला दार होतं. ठेवीदारांना अडीच वर्षं मरणप्राय त्रास झाला, तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण मिळालं. खालूंच्या योजनेत विमाही नव्हता आणि दारही नव्हतं.

आणि चेहऱ्यावर तर मुळीच जाऊ नका. एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला, म्हणजे एनएसईला, आपल्याच प्रमुखांचे शेअर सुचवणारे व्हिडिओ बनावट असल्याचा इशारा द्यावा लागला. चेहरा त्यांचा, आवाज त्यांचा, माणूस कोणीच नाही. आमच्या क्षेत्राची ही देणगी आहे, तेव्हा मी तुम्हाला सांगतो, डोळ्यांनी पाहिलं हा आता पुरावा राहिलेला नाही.

पण खाला हे कसं करणार?

हा आक्षेप खरा आहे. खाला सेबीच्या इंग्रजी संकेतस्थळावर जाऊन क्रमांक जुळवणार नाही. ती तेच करणार जे खालूंनी केलं. घरातल्या शिकलेल्या पोराला विचारणार. म्हणजे हा लेख खरं तर खालासाठी नाहीच. तो तुमच्यासाठी आहे, ज्याच्यापुढे ईदच्या दुपारी मोबाइल धरला जातो त्या पोरासाठी.

त्या क्षणी आपल्याला हुशार दिसायचं असतं. घरातला पहिला इंजिनिअर, पहिली सीए, पहिला एमबीए. 'मला यातलं कळत नाही' म्हणणं जड जातं. मला जड गेलं. मला वेबसाइटमधलं कळत होतं, पैशातलं कळत नव्हतं, आणि मी एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवलं. तेव्हा माझी पहिली विनंती ही, की माहीत नसेल तर 'माहीत नाही, दोन दिवस द्या' असं म्हणा. जी योजना दोन दिवस थांबत नाही, तिचं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरी विनंती आपल्या संस्थांना. मशिदीच्या फलकावर, जमातखान्यात, शाळेच्या कार्यक्रमात एखाद्या योजनेला व्यासपीठ देण्याआधी नोंदणी क्रमांक मागा. इमामसाहेबांना एखादा व्यवहार शरियतमध्ये बसतो का, एवढं विचारा. तो व्यवहार खरा आहे का, हे त्यांना विचारू नका. तो त्यांचा विषय नाही आणि त्यांनीही तो आपला मानू नये. व्याज टाळायचं असेल तर शरियतच्या निकषांवर शेअर निवडणारे म्युच्युअल फंड सेबीच्या नियमांखाली आहेत. त्यांत भाव वर-खाली होतो आणि तोटाही होतो, पण दर महिन्याला ठरावीक तीन टक्क्यांचं वचन कोणी देत नाही. ते न देणं हाच त्यांच्या खरेपणाचा एक पुरावा. आणि शरियतच्याच भाषेत बोलायचं, तर ज्या भागीदारीत तोटा कधीच नाही आणि नफा ठरलेला आहे, ती भागीदारी कसली? त्याला आपण व्याजच म्हणतो ना?

तिसरी, फसलेल्यांची चेष्टा थांबवा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे, २०१९ पासून अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदाही आहे. ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. पण लोक पोलिसांकडे जात नाहीत, कारण 'एवढं कळलं नाही का?' हे ऐकायचं नसतं. खालूंनी तक्रार द्यायला पाच महिने लावले. तोवर ऑफिसला कुलूप लागून धूळ बसली होती. ते पाच महिने लाजेने खाल्ले.

बहिणीचं लग्न पुढे झालं, दोन वर्षं उशिरा आणि अर्ध्या खर्चात. तिला त्याचं दुःख नाही, असं ती म्हणते. तिचं म्हणणं मी तपासलेलं नाही.

गेल्या महिन्यात तिच्या सासरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. शेअर बाजारात रोज हमखास कमाई, 'सेबी रजिस्टर्ड' आणि खाली नोंदणी क्रमांक. तिने तो मला पाठवला आणि विचारलं, "भाई, ये सही है क्या?" मी उत्तर लिहायला घेतलं, मग खोडलं. तिला फक्त सेबीच्या यादीचा दुवा पाठवला आणि म्हटलं, तूच बघ, नाव जुळतं का.

वीस मिनिटांनी तिचा व्हॉइस मेसेज आला. क्रमांक खरा होता, पण तो भलत्याच कोणा बाईंच्या नावावर होता. तिने तसं सासरच्या ग्रुपवर सांगितलं. एका दिराने लिहिलं, "भाभी को सबपे शक है." तिने त्याला यादीतल्या त्या पानाचा फोटो पाठवला. अजून तरी तिला ग्रुपमधून कोणी काढलेलं नाही.